उसन्या फरकाची श्रीमंती

सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,895 चौरस किलोमीटर आणि गोव्याचे 3,702. आपल्या एका जिल्ह्यात गोवा चार वेळा मावेल. तरीही लहान प्रदेशाला करांची आणि परवान्यांची मोकळीक मिळाली तर तो कसा फुलतो, हे सांगायचे झाले की पोर्तुगीज अमलातल्या गोव्याइतका जवळचा दाखला मराठी माणसाला सापडत नाही. तो दाखला नेमके काय सिद्ध करतो, हा या लेखाचा विषय. त्याच्या दोन बाजू दोन काल्पनिक सोलापूरकरांच्या तोंडी घातल्या आहेत. एक टॉवेलचे कारखानदार, ज्यांना सोलापुरी रिवाजाप्रमाणे सगळे ‘मालक’ म्हणतात. दुसरे अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. माझा कल सरांकडे आहे, हे आधीच सांगतो. मात्र मालकांचा एकही मुद्दा जाणूनबुजून कच्चा ठेवलेला नाही.

मालक : सर, माझं म्हणणं सरळ आहे. 1961च्या डिसेंबरपर्यंत गोवा म्हणजे पोर्तुगालचा समुद्रापारचा एक तुकडा. 1951 मध्ये लिस्बननं वसाहत हा शब्द खोडून कागदोपत्री त्याला ‘समुद्रापारचा प्रांत’ केलं, एवढाच काय तो फरक. वस्ती सहा लाखांच्या आसपास, भात वर्षभर पुरत नव्हतं, मोठा कारखाना म्हणावा असा नव्हता. तरी मुंबईत परवान्याशिवाय दिसायची नाहीत अशी परदेशी घड्याळं, पेनं, दारू तिथल्या दुकानांत उघड विकायला असायची. कारण जकात कमी आणि कागदपत्रांचा जाच कमी. 1955च्या सत्याग्रहानंतर भारतानं सीमा बंद केली, रेल्वे थांबवली, मुंबईहून घरी जाणारे पैसे अडवले. गोवा उपाशी मरेल असा हिशेब होता. मेला का? बटाटे हॉलंडहून आले, चहा सिलोनचा आला आणि लोहखनिजाची जहाजं जपानला जात राहिली. एवढासा प्रदेश एवढ्या मोठ्या शेजाऱ्याला पुरून उरतो, तर आमच्या सोलापूरभोवती तशी एक रेघ ओढून आत मोकळीक दिली तर काय होईल, तुम्हीच सांगा.

सर : चित्र तुम्ही खरं काढलंत, मालक. पण त्या दुकानातला नफा कशाचा होता ते बघू. घड्याळ गोव्यात बनत नव्हतं आणि ते घेणारं गिऱ्हाईकही बऱ्याचदा गोव्याचं नव्हतं. माल युरोपातून येणार, सीमेपलीकडे गुपचूप जाणार आणि मधला नफा हा दोन राज्यांच्या दरांतला फरक. तो फरक गोव्यानं तयार केलेला नव्हता. अर्धा लिस्बननं केला होता, कमी जकात ठेवून. उरलेला अर्धा दिल्लीनं, आयातीवर कडक परवाने बसवून. सोन्याचंच घ्या. भारतात सोन्याची आयात बंद झाली, म्हणून गोव्यातून चोरट्या सोन्याचा धंदा वाढला. दिल्लीनं एक नियम सैल केला असता तर तो धंदा एका रात्रीत बसला असता. दुसऱ्यानं ठरवलेल्या दोन आकड्यांमधल्या सापटीत ज्याचं दुकान आहे, त्याच्या दुकानाची किल्ली दुसऱ्याकडेच असते. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे. अशी श्रीमंती उसनी असते आणि ती देणारा मुदत सांगत नाही.

मालक : अहो, पण व्यापार चालतो तोच मुळी फरकावर. मी सूत दक्षिणेतून आणतो, टॉवेल मुंबईला विकतो. मधला फरक माझा. आणि नियमांच्या फरकावर आपला जिल्हाही जगलेला आहे. बार्शीच्या वेशीपलीकडे निजामाचा मुलूख होता. तिकडे हाली सिक्का वेगळा, तिकडची करोडगिरी वेगळी. मोगलाईतला कापूस, गळिताचं धान्य बार्शीच्या पेठेत उतरायचं. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती काय हौसेखातर? सीमेवरचं गाव म्हणूनच बार्शी मोठी झाली.

सर : बार्शीचं उदाहरण तुम्ही दिलंत हे फार बरं झालं, कारण तिथं दोन प्रकारचे फरक शेजारी-शेजारी होते. एक फरक जमिनीचा आणि अंतराचा. बालाघाटाच्या काळ्या जमिनीत कापूस आणि करडई पिकते, मुंबईत गिरण्या आणि बंदर आहे आणि मध्ये बैलगाडीचा लांब रस्ता. तो रस्ता लहान करणाऱ्या रेल्वेनं खरोखरचं काम केलं. दुसरा फरक नाण्याचा आणि नाक्याचा. हाली रुपया कलदार रुपयात बदलून देणारा सराफ, नाक्यावर माल सोडवून देणारा मध्यस्थ, आडवाटेनं माल नेणारा गाडीवान, हे सगळे त्यावर जगत. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. पुढं हाली सिक्का चलनातून गेला, नाके उठले. दुसऱ्या फरकावर जगणाऱ्यांचं काम संपलं. पहिल्या फरकाचं काम, म्हणजे शेतमाल गोळा करणं, पारखणं, साठवणं, पुढं पाठवणं, ते राहिलं. तुमचा सूत-टॉवेलचा फरक पहिल्या जातीचा आहे, कारण मध्ये माग आहे आणि माग चालवणारं कसब आहे. पणजीच्या घड्याळाचा फरक दुसऱ्या जातीचा होता.

आणि गोव्यात याच्या उलटा प्रयोगही झालेला आहे. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधली जकात उठवली, मुरगावचं बंदर आणि तिथून घाट चढून जाणारी रेल्वे बांधायचं ठरलं आणि बदल्यात गोव्यातल्या मिठाचा कारभार ब्रिटिशांच्या हातात गेला. पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळायचे होते. रेल्वे कॅसलरॉकला पोचली, लोंढ्यावरून पुढं हुबळी-गदगच्या मीटरगेजला जोडली आणि तीच मीटरगेज आपल्या होटगीपर्यंत आलेली होती. म्हणजे कागदावर मुरगाव हे आपल्या दारातलं बंदर झालं. पण सोलापूरचा माल मुंबईच्याच वाटेनं जात राहिला, आणि गोव्यात मिठागरांवर पोट असलेल्यांना परक्या सरकारच्या बंधनांचा फटका बसला. 1892 मध्ये करार संपला, त्याचं नूतनीकरण झालं नाही. जकातीची भिंत उभी असताना गोव्याला जे मिळालं ते दुसऱ्याच्या मर्जीनं. भिंत पाडली तेव्हा जे गेलं तेही दुसऱ्याच्या मर्जीनं. कर कमी की जास्त, या वादात आपण अडकतो. ठरवतं कोण, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

मालक : ठरवतं कोण हे विचारून पोट भरत नाही, सर. आज दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत आहे. आणि आपण? जुनी मिल गेली, विष्णू मिल गेली, लक्ष्मी मिल, नरसिंग गिरजी, सगळ्या गेल्या. तुमच्या हिशेबानं गोव्याकडे नुसती सापट होती आणि आमच्याकडे कसब होतं. मग सापटवाले वर आणि कसबवाले खाली, हे कसं?

सर : हा तुमचा सगळ्यात जड मुद्दा आहे. याला उडवून लावता येणार नाही. आधी गोव्याचं बघू. 1961 नंतर गोव्याला ज्यानं तारलं त्यात घड्याळाच्या दुकानाचा वाटा कितीसा? परदेशी आणि बोटीवर गेलेल्या माणसांचा पैसा होता, मुरगाव बंदर होतं, शाळा होत्या, पुढं पर्यटन आलं आणि सर्वांत मोठं म्हणजे लोहखनिज होतं. खनिज ही जमिनीची देणगी, पण ते कोणी काढायचं आणि किती काळ, हे ठरलं ते पोर्तुगीज वसाहतींच्या 1906च्या खाण कायद्यानं. त्या कायद्याखाली मिळालेले हक्क बेमुदत होते. 1950 नंतर जपानच्या भट्ट्यांना लोखंड हवं झालं तेव्हा ज्यांच्याकडे असे हक्क होते ती मोजकी घराणी वर आली. नदीतून बार्जनं खनिज बंदरात आणायचं, जहाजावर भरायचं, हा त्यांचा उद्योग मेहनतीचा आणि हुशारीचा होता, नाही कोण म्हणतो? पण त्याचा पाया सवलतीचाच. म्हणून बघा, 1987 मध्ये संसदेनं कायदा करून ते बेमुदत हक्क साध्या खाणपट्ट्यांत बदलले. 2012 मध्ये बेकायदा उत्खननाच्या प्रकरणात खाणी थांबल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. खाणी थांबल्या तेव्हा दर वेळी ट्रकवाला, बार्जवाला, खाणीजवळच्या गावातला गॅरेजवाला रिकाम्या हातानं बसला. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीत हे हात दिसत नाहीत.

आता सोलापूर. आपल्या गिरण्या कराच्या ओझ्यानं पडल्या असं म्हणणं सोयीचं आहे, पण जुन्या मिलची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट 1949 मध्ये ती बंद पडली आणि जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, गैरव्यवस्थापनाचं कारण देऊन. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्यघटनेतल्या मालमत्तेच्या हक्कावर वकिलीचा अभ्यास करणारा प्रत्येक जण आजही सोलापूरच्या गिरणीचं नाव वाचतो. गिरणीच्या भिंती पडल्या, पण तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या हातातलं विणकाम पडलं नाही. ते पूर्व भागातल्या घराघरांत होतं, म्हणून हातमागावरून यंत्रमागावर आलं, जेकार्डच्या चादरीवर आलं, टर्किश टॉवेलवर आलं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं ते या सातत्याला. तुमचा अर्धा मुद्दा मात्र मी मान्य करतो. कसब टिकतं याचा अर्थ कसबाला दाम मिळतो असा नाही. सोलापूरचा विणकर टिकला, सुखी झाला असं म्हणायची माझी छाती नाही.

मालक : मग तुमच्या टिकण्याला घेऊन काय करायचं? हाँगकाँग बघा. गोव्याहून लहान, तेही समुद्रापारचंच. जकात जवळजवळ नाही. नुसत्या मोकळ्या बंदरावर ते कुठल्या कुठं गेलं.

सर : नुसत्या मोकळ्या बंदरावर ते 1950 पर्यंत होतं. चीनचा माल आत-बाहेर करायचा, मधलं काढून घ्यायचं. 1951 मध्ये कोरियाच्या युद्धामुळं चीनवर व्यापारबंदी आली आणि तो धंदा कोसळला. त्यानंतर हाँगकाँगला उभं केलं कापडानं. शांघायहून आलेल्या गिरणीमालकांकडे भांडवल होतं, यंत्रांची माहिती होती आणि निर्वासित कामगारांचे हात होते. त्यांनी सूतगिरण्या, विणकाम, शिलाई सुरू केली. उसना फरक एका झटक्यात गेला तेव्हा कामाला आला तो माग. यात सोलापूरकराला तर अभिमानच वाटावा! आणि शेजारचं मकाव पाहा, तेही पूर्वी पोर्तुगालचंच. तिथं सोन्याची उलाढाल आणि जुगार. 1962 पासून चाळीसेक वर्षं जुगाराचा मक्ता एकाच कंपनीकडे होता. मकाव श्रीमंत नाही असं नाही. पण त्याचं उत्पन्न शेजारच्या राज्यानं आपल्या माणसांना तिथं जाऊ द्यायचं की नाही, यावर हलतं. सारखीच जागा, सारखाच समुद्र. एकानं फरक कारखान्यात घातला, दुसऱ्यानं फरकच धंदा केला.

मालक : बरं, फरक सोडा. तुमच्या मते गोव्याकडून घ्यायचं तरी काय? तिथली जुनी गावकरी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची व्यवस्था म्हणाल, तर ती बसून खायची सोय. गावकराच्या पोटी जन्माला आलं की वर्षाचा वाटा घरपोच.

सर : टीका खरी आहे, पण अपुरी. गावकरी पोर्तुगिजांच्या आधीची. 1526 मध्ये त्यांनी तिचे रिवाज लिहून घेतले, पुढं तिला ‘कोमुनिदाद’ म्हणून कायद्यात बसवलं. गावाची जमीन गावाची. भाताची शेतं ठराविक मुदतीनं, बहुधा तीन वर्षांनी, पावणीला निघत, म्हणजे उघड लिलाव. जास्त बोली करील तो कसायला घेई. आलेल्या पैशातून आधी सरकारचा भाग, मग खाजन जमिनींचे बांध, खारं पाणी अडवणारी दारं, देवस्थान, गावची कामं. आणि उरलं तर गावकरांना झोण, म्हणजे वर्षाचा वाटा. हा क्रम महत्त्वाचा आहे, मालक. बांध फुटला तर सगळ्यांचं शेत खारं होणार, म्हणून वाट्याच्या आधी बांध. गावच्या जमिनीच्या उत्पन्नातून गाव टिकवणाऱ्या कामाचा हिस्सा आधी बाजूला काढायचा, ही त्या व्यवहाराची रूढी होती. तिचे दोष मोठे. झोण मिळायची पुरुष वंशजांना. बायकांना नाही, बाहेरून आलेल्यांना नाही, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला नाही. 1964चा कूळ कायदा आणि 1975चा मुंडकार कायदा यावे लागले ते याच अन्यायांमुळं. पण राज्यं बदलली, चलन बदललं, तरी दोनशेंहून अधिक कोमुनिदादी आजही आहेत, भांडत का होईना.

दुसरी रूढी घरातली. 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात अजून बऱ्याच अंशी लागू आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. स्थावर विकायचं तर बायकोची सही लागते. आपल्या आयकर कायद्यात यासाठी वेगळं कलम आहे. पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरायचं. दुकान नवऱ्याच्या नावावर असलं तरी हिशेबात बायको अर्धी. लिस्बननं लादलेला कायदा, पण लोकांनी तो आपल्या व्यवहारात मुरवला, म्हणून 1961 नंतरही राहिला. याच्या उलट चलन बघा. 1958 मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा. तीन वर्षांत तोही गेला. आणि बँक बघा. लोकांनी बांको नासिओनाल उल्ट्रामारिनोत गहाण ठेवलेले दागिने 1961 मध्ये लिस्बनला हलवले गेले. ते परत यायला 1991 उजाडलं. तीस वर्षं! माणसांच्या गळ्यातलं सोनं आणि त्याचा निर्णय सातासमुद्रापार. उसन्या व्यवस्थेत आपली स्वतःची वस्तूसुद्धा उसनी होऊन जाते, हे याहून उघड कसं दिसणार?

मालक : म्हणजे उद्या सरकार निर्यातीवर सूट देतो म्हणालं, विजेचा दर उतरवतो म्हणालं, तर मी हात मागं घेऊ? शेजारच्या राज्यातला विणकर घेणार, मी नाही, आणि मी बाजारातून उठणार. तुमचं तत्त्वज्ञान मला परवडणारं नाही, सर.

सर : घ्या की! नाही घेतलीत तर मीच तुम्हाला वेड्यात काढीन. सूट मिळतेय तोवर घ्या, पण ती नफ्याच्या रकान्यात लिहू नका. सूट वजा केल्यावर टॉवेल विकून काही उरतं का, हे दरसाल एकदा काढा. उरत असेल तर सूट हे भांडवल आहे. नवा माग, चांगली रंगाई, कामगाराचं प्रशिक्षण, सांडपाण्याची सोय यांत ती जाऊ द्या. उरत नसेल तर धंदा टॉवेलचा राहिलेला नाही, सुटीचा झालाय. आपण जकात पाहिली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर पाहिला. 2015 मध्ये एलबीटीचा बहुतेक भाग गेला, 2017 मध्ये जीएसटी आला आणि राज्याराज्यांतले कितीतरी फरक कायद्यानंच पुसले. दारू, पेट्रोल अशा मोजक्या वस्तू बाहेर राहिल्या आणि गोव्याच्या सीमेवर चोरटी ने-आण उरली ती मुख्यतः दारूचीच. फरक कसे मरतात हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मालक : सूट वेगळ्या रकान्यात लिहायची, एवढं मान्य. पण ती प्रशिक्षणात घाला म्हणता. शिकवलेला कामगार चार पैसे जास्त मिळाले की शेजारच्या कारखान्यात जातो. माझा पैसा, दुसऱ्याचा फायदा. म्हणून कुणीच शिकवत नाही.

सर : एकट्यानं घातला तर जाणारच. खाजनाचा बांधही एकट्या शेतकऱ्यानं कधी बांधला नाही.

वाद इथे थांबवतो, कारण मालकांच्या शेवटच्या हरकतीतच त्याचा निकाल आहे. सवलत एकेकट्याच्या हातात पडते तेव्हा तिला खाऊन टाकणेच प्रत्येकाला शहाणपणाचे वाटते, आणि त्यात कोणाचा लोभ दोषी असतो असेही नाही. लिस्बन आणि दिल्ली यांच्यामधल्या सापटीत जे गोव्यात कमावले गेले, त्याचे असेच झाले. ते वैयक्तिक राहिले आणि सापटीबरोबर संपले. जिथे आधी सामाईक कामाचा हिस्सा काढण्याचा नियम होता, तिथे दोषांसह का होईना, काही टिकले. सोलापूरला करमाफीची मागणी करायची असेल तर ती जरूर करावी, पण मागणीच्या त्याच अर्जात दुसरे कलम हवे : मिळणाऱ्या सुटीचा ठराविक भाग यंत्रमागधारकांच्या सामाईक निधीत जाईल, त्यातून विणकर शिकतील, रंगाईचे पाणी शुद्ध होईल आणि त्या निधीवर मालकांबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी असतील. गावकरीने ज्यांना बाहेर ठेवले त्यांना आत घेऊन गावकरीचा क्रम पाळायचा, एवढाच त्याचा अर्थ. हे कलम लिहायला दिल्लीची परवानगी लागत नाही, मुंबईचीही लागत नाही. करांचे दर दुसऱ्यांच्या हातात आहेत. वाट्याचा नियम सोलापूरच्या हातात आहे.